विझलेले आकडे

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला लष्करी व्होल्टमीटर मिळाला. काळी बेकेलाइटची पेटी, जाड काच आणि आत तपकिरी पडलेले आकडे. विक्रेता म्हणाला, "साहेब, अंधारात चमकायचा हा. आता रेडियम गेलंय, म्हणून स्वस्तात देतो." घरी आणून काचेजवळ गायगर काउंटर धरला, तर त्याची टिकटिक थांबेना. चमक गेली होती. रेडियम जागच्या जागी होतं.

'रेडियम' या शब्दाची आपल्याकडे अशीच गंमत झाली आहे. ट्रकच्या मागे चिकटवायला रस्त्याकडेच्या दुकानात 'रेडियम' कापून मिळतं, त्यात रेडियमचा कणही नसतो. ते फक्त समोरून आलेला उजेड परत फेकतं. उलट ज्यात खरं रेडियम आहे, तो मीटर चमकत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो.

त्या रंगात दोन पदार्थ असत. रेडियममधून अल्फा कण सतत बाहेर पडतात. ते झिंक सल्फाइडवर आदळले की उजेड पडतो. पण या माऱ्याने झिंक सल्फाइडचे स्फटिक काही वर्षांत निकामी होतात आणि आकडे विझतात. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षांचं. म्हणजे महायुद्धानंतरच्या ८० वर्षांत त्यातले शंभरातले जेमतेम साडेतीन भाग संपले. पुढे काही मीटरांत रेडियमऐवजी ट्रिटियम वापरलं गेलं. त्याचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांच्या आसपास, त्यामुळे तिथे चमकेबरोबर किरणोत्सारही खरोखर ओसरतो. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही.

मग असा मीटर घरात ठेवावा का? काच शाबूत असेल तर अल्फा कण आतच अडतात. गॅमा किरण बाहेर येतात, पण अंतर दुप्पट केलं की त्यांचा मारा साधारण चौथाईवर येतो. उशाशी नको, हवा खेळती असलेल्या खोलीतल्या कपाटात चालेल. कारण रेडियमपासून रेडॉन वायूही तयार होतो. खरा धोका पेटी उघडण्यात आहे. जुना रंग ठिसूळ होऊन त्याची भुकटी होते, आणि ती श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाते.

पोटात गेल्यावर काय होतं, याचा दाखला अमेरिकेत आहे. न्यू जर्सीतल्या ऑरेंज इथल्या कारखान्यात तरुण मुली घड्याळांच्या तबकड्या रंगवत. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं जाई. शरीर रेडियमला कॅल्शियमसारखंच वागवतं आणि हाडांत साठवतं. त्यांचे दात पडले, जबड्याची हाडं कुजली, कित्येकींचे जीव गेले. पाच जणींच्या दाव्यात १९२८ साली तडजोड झाली.

म्हणून डागडुजीची हौस इथे आवरावी. आकडे खरवडू नयेत, कोरड्या ब्रशने झाडू नयेत. काच फुटली असेल तर मीटर जाड पिशवीत बंद करून ठेवावा आणि विल्हेवाटीबाबत अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारावं. जुन्या उपकरणांतल्या काही वायूभरल्या व्हॉल्व्हमध्येही अल्प किरणोत्सारी द्रव्य असतं. ते फोडू नयेत. फार उच्च दाबावर चालणाऱ्या काही नळ्यांमधून निघणारे क्ष-किरण वीज बंद करताच थांबतात. रेडियमला असं बटण नाही.

आणि भंगारात तर देऊच नये. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, कित्येक वर्षं पडून असलेलं गॅमा किरणांचं यंत्र २०१० च्या फेब्रुवारीत लिलावात निघालं. मायापुरीच्या भंगारबाजारात शिशाचं कवच काढल्यावर आतलं कोबाल्ट-६० उघडं पडलं. अनेक जण भाजले, एक कामगार दगावला. माझ्या मीटरातलं रेडियम त्याच्या तुलनेत अगदीच किरकोळ. पण चूक त्याच जातीची होऊ शकते: वस्तू उरते, आणि तिच्यात काय आहे हे सांगणारं कुणी उरत नाही.

माझा मीटर आता माळ्याजवळच्या कपाटात आहे. माझ्यामागे घर आवरायला येणाऱ्यासाठी त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे: 'यात रेडियम आहे. उघडू नये. भंगारात देऊ नये.'