खेळाचा संगणक : काटकसर व समतोल

एक बैल तरणा व दुसरा थकलेला असला, तर गाडी थकलेल्याच्याच चालीनें चालते. थोडक्या पैशांत खेळाचा संगणक जुळवितांना हीच गोष्ट ध्यानांत ठेवावी.

पडद्यावर सेकंदास ६० चित्रें उमटावयाचीं, तर प्रत्येक चित्र सुमारें १६.७ मिलिसेकंदांत सिद्ध झालें पाहिजे. प्रोसेसर खेळांतील हालचालींचा हिशेब करितो. ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवितें. हिशेबासच २५ मिलिसेकंद लागले, तर कार्ड कितीहि भारी असो, सेकंदास ४० हून अधिक चित्रें मिळणार नाहींत.

म्हणून आधीं पडदा ठरवावा. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदु असतात. ३८४० × २१६० च्या पडद्यावर बरोबर चौपट, आणि हा वाढीव भार मुख्यत्वें कार्डावर पडतो. साधा पडदा घेतल्यास मध्यम कार्ड पुरतें, व उरलेली रक्कम त्याच्या तोडीच्या प्रोसेसरास लावितां येते.

मेमरीची १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षां ८ जीबीच्या दोन घ्याव्या. दोन वाटांनीं माहिती जलद पोंचते. एएम५ जातीच्या मदरबोर्डांत डीडीआर५ मेमरीच चालते, जुनी डीडीआर४ बसत नाहीं. एसएसडीनें खेळ लवकर उघडतो. चित्रांची संख्या मात्र सहसा वाढत नाहीं.

आम्हीं एकदां पॉवर सप्लायांत काटकसर केली. ऐन खेळांत संगणक बंद पडूं लागला, व वडिलांनीं पै पै करून सांठविलेल्या पैशांतून तीच वस्तु दोनदां घ्यावी लागली. विद्यार्थिमित्रहो, खरेदीपूर्वीं वडील मंडळींसह कागदावर हिशेब मांडा. समतोल तेथेंच साधतो.