पावलावरून उंची: कंधारची पायी फेरी

मुखेडच्या दशरथेश्वर मंदिराला बाहेरून प्रदक्षिणा घाला. भिंतीवर सप्तमातृका नाचताना दिसतील. एरवी या देवी ओळीने बसलेल्या असतात, मांडीवर मूल घेऊन. इथे मात्र त्या उभ्या आहेत आणि नृत्यात रमल्या आहेत. त्यांची ओळख पटवायची युक्ती सोपी आहे: वाहन पाहायचं. हंस ब्रह्माणीचा, मोर कौमारीचा, गरुड वैष्णवीचा. हाडं-बरगड्या दिसणारी कृश देवी म्हणजे चामुंडा.

देवळं घडवण्याची ही रग या भागात आली कुठून, याचं बरंचसं उत्तर कंधारात मिळतं. मुखेडहून एस.टी.ने तिथे सहज जाता येतं. पुढचं सगळं पायीच पाहावं.

मन्याड नदीकाठचं हे गाव दहाव्या शतकात राष्ट्रकूटांचं मोठं नगर होतं. या घराण्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातलं आजचं मळखेड. लट्टलूरचे, म्हणजे आपल्या लातूरचे स्वामी असं ते स्वतःला अभिमानाने म्हणवून घेत. त्याच बिरुदांत ‘कंधारपुरवराधीश्वर’ हेही आढळतं. तिसरा कृष्ण इथला मोठा राजा. त्याने ९४९ मध्ये पार तामिळ देशात, तक्कोलम इथे चोळांचा पराभव केला. कंधारात सापडलेला त्याच्या काळातला शिलालेख वाचला की सगळं नगर डोळ्यांपुढे उभं राहतं. त्यात कालप्रिय आणि बंकेश्वराची देवळं आहेत, राजवाडा आहे, ‘सर्वलोकाश्रय’ नावाचा मंडप आहे. आणि जगत्तुंगसमुद्र आहे. देवळं गेली, राजवाडा गेला, पण तो तलाव गावाजवळ अजून आहे. शिलालेखातली वस्तू हजार वर्षांनी त्याच नावाने समोर दिसावी, हे भाग्य फार थोड्या गावांना लाभतं. म्हणून काठावर घटकाभर थांबाच.

कंधारातलं सगळ्यात थक्क करणारं दृश्य मात्र तुकड्यांचं आहे. क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे दगडी अवयव इथे सापडले. त्यात पाऊलही आहे. क्षेत्रपाल म्हणजे गावाचा, जागेचा राखणदार. आपल्या शेताशिवारात शेंदूर लावलेला दगड जे काम करतो, तेच त्याचं काम. पण हा राखणदार केवढा होता? माणसाची उंची त्याच्या पावलाच्या साधारण साडेसहा पट असते. त्याच प्रमाणाचा आधार घेतला की एका पावलावरून अख्ख्या मूर्तीचा अंदाज बांधता येतो. अभ्यासक तो पन्नास फुटांच्या पुढे नेतात. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर ५७ फुटांचा आहे आणि तो घडला ९८१ च्या सुमारास, राष्ट्रकूटांचे मांडलिक राहिलेल्या गंग राजांच्या राज्यात. म्हणजे दोन्ही महाकाय मूर्तींमागचं जग एकच! गोमटेश्वर उभा राहिला म्हणून त्याला जग ओळखतं. आपला राखणदार पडला आणि विस्मरणात गेला. या पावलाशेजारी उभं राहून मान वर करून पाहा. जिथे आता मोकळं आभाळ आहे तेवढ्या उंचीवर त्याचं डोकं होतं, हे लक्षात आलं की अंगावर काटा येतो.

मग किल्ला. हा भुईकोट आहे, भोवती खंदक. उंच डोंगराचा आधार नसलेल्या किल्ल्याला पाणी हेच कवच. आत मोठे दरवाजे, महालांचे अवशेष, दगडात कोरलेले फारसी लेख. राज्यकर्ते बदलत गेले आणि प्रत्येकाने इथे काही तरी बांधलं. १६३१ मध्ये शाहजहानचा सरदार नसीरी खान याने वेढा घालून हा किल्ला घेतला. त्या वेढ्याचं चित्र पयाग नावाच्या मुघल चित्रकाराने ‘पादशाहनामा’साठी काढलं. ते आज इंग्लंडमध्ये, विंडसरच्या राजसंग्रहात आहे. नाव वाचून अनेकांना ते अफगाणिस्तानातलं कंदाहार वाटतं. पण ते आपलं, दख्खनचं कंधार.

गावात हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गाही आहे. फेरीत तो चुकवू नये.

दक्षिण फ्रान्समध्ये कार्कासोन नावाचं कंधारच्या किल्ल्यासारखंच तटबंदीचं शहर आहे. एकोणिसाव्या शतकात त्याचे तट पाडायला निघाले होते. गावकऱ्यांनी आणि जाणकारांनी ओरड केली, १८५३ पासून व्हिओले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने दुरुस्ती हाती घेतली आणि आज जगभरातले लोक तिथे पायी हिंडायला येतात. तट वाचले ते आधी कुणाला तरी त्यांची किंमत कळली म्हणून.

मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर इथल्या शिक्षकांना म्हणूनच सांगणं आहे: यंदाची सहल दूर नेऊ नका. पावसाळा सरला की पोरांना कंधारला न्या. त्यांच्या हातात मोजपट्टी द्या, क्षेत्रपालाचं पाऊल त्यांना मोजू द्या आणि उंचीचं गणित तिथेच सोडवायला लावा.