बीटी कपाशी : मान्यता कशाला आणि कोणत्या अटीवर?

कोल्हापूर जिल्ह्यात कपाशी नाममात्र; इचलकरंजीच्या मागांचा कापूस बाहेरूनच येतो. तरी कपाशी लावणार असाल, तर बियाण्याची पिशवी पारखून घ्यावी.

जमिनीतील एका जिवाणूचे जनुक घालून बीटी कपाशी तयार करतात. तिचे प्रथिन पोटात गेले की बोंडअळीच्या आतड्याला छिद्रे पडून ती मरते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांवर त्याचा उपयोग नाही.

असे बियाणे विक्रीस आणण्यापूर्वी १९८९ च्या नियमांनुसार केंद्रीय समितीची मान्यता लागते. सरकीची पेंड जनावरांना बाधते काय, मित्रकीटकांना अपाय होतो काय, हे तपासले जाते. पहिली मान्यता मार्च २००२ मध्ये तीन संकरित वाणांना मिळाली. दोन जनुकांची कपाशी २००६ मध्ये आली. अट अशी होती की, सभोवती बिगर बीटीच्या ५ ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते लावावे. तेथील पतंगांशी संकर होऊन अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढत नाही. पुष्कळांनी ते बी लावलेच नाही! गुलाबी बोंडअळी आता दोन्ही जनुकांना दाद देत नाही. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्याने ते भोगले. म्हणून कामगंध सापळे लावा, फरदड घेऊ नका.

तणनाशक सोसणाऱ्या 'एचटीबीटी' बियाण्यास मान्यता नाही. ते विनापावती विकले जाते. उगवले नाही तर दाद कोठे मागणार? पक्की पावती, पिशवी, टॅग व मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे.