समुद्राकाठच्या घरात टीव्ही, लॅपटॉप का गंजतात?

आमच्या रत्नागिरीत टीव्हीचं एचडीएमआय पोर्ट किंवा लॅपटॉपचे स्क्रू गंजले, की सगळे पावसाला दोष देतात. पण पावसाइतकाच दोष मिठाचाही असतो. खाऱ्या वाऱ्यासोबत मिठाचे बारीक कण घरात येतात आणि धुळीबरोबर वस्तूंवर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली, की हे मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ना, तसंच. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून पोर्टमधल्या धातूच्या पिना लवकर खराब होतात.

त्यामुळे मी मे महिन्यातच सफाई उरकतो. तुम्हीही वस्तू बंद करा, प्लग काढा. बाहेरचा भाग साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने पुसा, मग लगेच कोरड्याने. नुसत्या कोरड्या कापडाने मीठ पूर्ण निघत नाही. पोर्टमध्ये पाणी अजिबात नको, तिथे मऊ कोरडा ब्रश वापरा.

कॅमेरा, हार्ड डिस्क वापरात नसेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला. लॅपटॉप मात्र पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवा. त्याच्या उबेने आतली आर्द्रता कमी होते.