नळावरची बिअर : थोडक्यात

मायक्रोब्रुअरी : बिअर छोट्या प्रमाणावर तिथेच तयार होते. काचेपलीकडे दिसणाऱ्या स्टीलच्या टाक्यांत ती आंबते, मुरते आणि नळातून थेट ग्लासात येते. परमिट रूममध्ये मात्र कारखान्यातून आलेली बाटलीबंद बिअर मिळते.

महाराष्ट्रात : 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी पुण्यात 2009 मध्ये सुरू झाली. मुंबईत लोअर परळला 2013 मध्ये 'द बार्किंग डिअर' आली. हे नाव भेकराचे.

घाटकोपरहून : 'डूलाली'चे टॅपरूम अंधेरीत आहे. घाटकोपरहून अंधेरीला नेणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 8 जून 2014 पासून धावते. मार्ग 11.4 किलोमीटरचा, स्थानके 12.

घटक : पाणी, मोड आणून वाळवलेले धान्य (माल्ट), हॉप्सची फुले, यीस्ट. एल प्रकारची बिअर साधारण 15 ते 24 अंश सेल्सिअसला आंबते, लागर प्रकारची त्याहून थंड तापमानात आणि सावकाश. गव्हाच्या जर्मन हेफेवाइझेनचा घोट घेण्याआधीच केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात ना केळे असते, ना लवंग. ही सगळी करामत यीस्टची. ही बिअर न गाळताच देतात, म्हणून गढूळ दिसते.

सोबत : कडवट आयपीए बिअरबरोबर तिखट, तळलेले पदार्थ, गडद स्टाउट बिअरबरोबर चॉकलेटचे गोड पदार्थ.

वयोमर्यादा : महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी 21 वर्षे, कडक मद्यासाठी 25. 2 ऑक्टोबरला ड्राय डे.