घरचा अभ्यास आणि वस्तीची शाळा

शाळेतून मुलाला दिला जाणारा घरचा अभ्यास ही वरवर पाहता निरुपद्रवी गोष्ट आहे. पाढे लिहून आण, धडा वाचून ये, वहीवर पालकांची सही आण. परंतु या तीन वाक्यांत शाळेने पुष्कळ काही गृहीत धरलेले असते. घरी बसायला जागा आहे, रात्री पुरेसा उजेड आहे, अडले तर सांगणारे शिकलेले माणूस आहे आणि संध्याकाळी मुलाच्या मागे दुसरे काही काम नाही, अशी ही गृहीते. ज्या जातींच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या लेखणी नांदली त्या घरांत ही सारी सामग्री न मागता असते. ज्यांना लेखणीला हात लावू दिला गेला नाही त्यांच्या मुलाकडूनही शाळा याच घराची अपेक्षा करते, आणि ते घर नाही म्हणून मूल मागे पडले की त्याला 'ढ' ठरवून मोकळी होते.

गरीब मुलाच्या दारिद्र्याचे चक्र कोठे फिरते असे कोणी विचारले तर ते शाळा सुटल्यानंतरच्या तीन-चार तासांत फिरते, असे उत्तर द्यावे लागेल. म्हणून ते तोडण्याची जागाही तीच आहे. वस्तीतल्या मुलांसाठी वस्तीतच चालणारा संध्याकाळचा वर्ग म्हणजे दानधर्म किंवा फुकटची शिकवणी असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जे घर आपल्या मुलांना इतिहासाने दिले नाही ते सर्वांनी मिळून उभारण्याचा तो मार्ग आहे. तो कसा चालतो आणि कशामुळे मोडतो, हे पनवेल तालुक्यातील ओवे गाव समोर ठेवून येथे पाहावयाचे आहे.

ओवे घेण्याचे कारण असे की या परिसरात दोन प्रकारचे दारिद्र्य एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागांतील गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हा लढा मोठाच होता. पण साडेबारा टक्के हे संपादित क्षेत्राचे असतात. सातबारावर ज्याची जमीन जास्त त्याचा भूखंड मोठा, ज्याची थोडी त्याचा लहान. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याची मजुरी शेताबरोबर बुडाली, आणि ती कोणत्याच टक्केवारीत बसली नाही.

ओव्याची शेते खारघरच्या उभारणीत गेली. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली आणि हा परिसर तिच्यात आला. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो खारघरमधून धावू लागली. ज्यांच्या हातांनी या इमारती उभ्या राहिल्या आणि ज्यांच्या हातांनी त्यांतली भांडी घासली जातात, ती माणसे मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकातून, उत्तरेतून येतात आणि जुन्या गावठाणांतील भाड्याच्या खोल्यांत किंवा बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. जमीन नसलेला जुना रहिवासी आणि गाव सोडून आलेला नवा मजूर, अशी ही दोन दारिद्र्ये. दोघांची मुले एकाच शाळेच्या बाकावर शेजारी बसतात आणि दोघांच्याही घरी संध्याकाळी पुस्तक उघडणारे कोणी नसते.

आता चक्र कसे फिरते ते क्रमाने पाहू. पहिलीत मूल येते ते अक्षराशी कसलीही ओळख नसताना. दुसरी-तिसरीपर्यंत वाचता येऊ लागले तर पुढचे सर्व विषय त्याला उघडतात. न आले तर सर्व विषय एकदम बंद होतात, कारण इतिहास काय आणि गणितातले उदाहरण काय, ते आधी वाचावे लागते. मूल शरमते, गप्प बसते, मग दांड्या मारू लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना दिली. या दोन्ही धोरणांवर हिरिरीने वाद झाले. परंतु मुलाला ढकलत पुढे न्या की मागे बसवा, त्याला तिसरीत वाचायला कोण शिकवणार हा प्रश्न दोन्हींत शिल्लकच राहतो. नववी-दहावीत गाडी अडते. मुलगा नाक्यावर उभा राहतो, मुलगी आईबरोबर घरकामाला जाऊ लागते आणि तिचे लग्न लवकर उरकले जाते. आठ-दहा वर्षांनी तिचे मूल पहिलीत येते, ते पुन्हा अक्षरओळखीशिवाय. चक्र पूर्ण झाले.

या चक्रात मुलीचा आरा सर्वांत आधी मोडतो. आई कामावर गेली की धाकट्याला सांभाळणारी तीच. पाणी भरणारी तीच. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली. पण धोक्याची नसलेली कुटुंबाची कामे शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत करण्यास मोकळीक ठेवण्यात आली. म्हणजे ज्या तासांत सवर्ण मध्यमवर्गाचे मूल शिकवणीला जाते नेमके तेच तास कायद्याने आमच्या मुलांच्या कामासाठी मोकळे सोडले.

हे चक्र तुटू शकते का? तुटले आहे, आणि ते कसे तुटले हे आपल्या इतिहासात लिहिलेले आहे. बाबासाहेबांच्या विद्वत्तेचे वर्णन करताना आपण बहुधा त्यांच्या असामान्य बुद्धीपाशी थांबतो. पण त्या बुद्धीच्या मागे एक घर होते. परळच्या चाळीतील एकच खोली. मूल लवकर झोपे आणि रामजी सुभेदार त्याला रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवीत. हे रामजी कोण? लष्करी शाळेतील शिक्षक. कंपनी सरकारच्या लष्करात सैनिकांच्या मुलांना छावणीतच शिक्षण मिळे. गावच्या शाळेची पायरी चढू न शकणाऱ्या महार सैनिकांच्या मुलांपाशी ही शाळा चालत आली. छावणी ही एक वस्तीच होती आणि तिची शाळा ही वस्तीची शाळा. आपल्याच रायगड, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हेही लष्करातून निवृत्त झालेले. लष्करात मिळालेल्या अक्षरांनीच त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविली. १८९० नंतरच्या काही वर्षांतच महारांची लष्करभरती बंद झाली आणि ही वाट बुजली. तिच्याविरुद्ध अर्ज करणाऱ्यांत वलंगकर पुढे होते. नोकरीबरोबर मुलांची शाळाही गेली, हे त्या पिढीला नीट कळले होते.

जोतीराव फुल्यांना तर या प्रश्नाचे संपूर्ण आकलन होते. १८४८ ची मुलींची शाळा आपणा सर्वांना पाठ आहे. पण १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, तिची आठवण आपण कमी काढतो. दिवसा राबणाऱ्याची वेळ रात्रीची असते हे त्यांनी ओळखले. त्याच वर्षी त्यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. शाळेत थोडीच वर्षे गेलेली मांग समाजाची ही मुलगी धर्मालाच प्रश्न विचारीत होती. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा, गरीब कष्टकऱ्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्या, आणि शिक्षक शक्यतो कष्टकरी वर्गातून घ्या, असे सांगितले. सोवळेपणाने दूर बसणाऱ्या शिक्षकापेक्षा नांगराला हात लावायला न लाजणारा शिक्षक त्या मुलांची गरज जाणतो, हे त्यांचे म्हणणे होते. वस्तीतील वर्गाला शिक्षक कोठून आणायचा याचे उत्तर येथेच आहे.

तिसरे उदाहरण बोर्डीचे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. दलित वस्तीतील मुले बालवाडीकडे येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला आदिवासी मुले गुरांमागे जात म्हणून शाळा कुरणात गेली. ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. हा शब्द दलित वस्तीच्या अंगणातून आला, हे मात्र विसरले गेले.

छावणी, रात्रशाळा, अंगणवाडी या तिन्हींत एक सूत्र आहे. मुलाला शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या जागी बसवण्याचा हट्ट न धरता, शाळेने मुलाची वेळ आणि मुलाची जागा स्वीकारली. ओव्यासारख्या ठिकाणी काम करू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्याने या सूत्रावरून पुढील गोष्टी ठरवाव्यात.

पहिली, वेळ व जागा. संध्याकाळी सहा ते आठ, विहारात, समाजमंदिरात किंवा शाळेच्या ओट्यावर. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाकाठी २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. रोज दोन तास या हिशेबाने २०० संध्याकाळी म्हणजे ४०० तास होतात. शाळेच्या निम्मी शाळा! पण संध्याकाळ चुकता कामा नये. आठवड्यातून एकदा येणाऱ्या उत्साही पाहुण्यापेक्षा रोज कुलूप उघडणारी वस्तीतली बारावी झालेली मुलगी अधिक उपयोगी असते.

दुसरी, धाकट्यांची सोय. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येणार हे धरूनच चालावे. कोपऱ्यात एक सतरंजी, चार खेळणी, लक्ष ठेवायला एखादी आजी. ही सोय नसेल तर मुलींचे नाव हजेरीपटावर राहते आणि मुली घरी राहतात.

तिसरी, वाचन. इयत्तेप्रमाणे न बसवता वाचता येते किती याप्रमाणे बसवावे. पाचवीतले मूल अक्षरावर अडत असेल तर अक्षरापासून. लमाणी, कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाला त्याच्या बोलीत बोलू द्यावे; मराठी त्यातूनच येईल. गटांना हुशार आणि कच्चे अशी नावे देऊ नयेत. आपल्या समाजाने अशी नावे पुष्कळ सोसली आहेत.

चौथी, कागद. प्रत्येक मुलाची एक फाइल ठेवावी. जन्मदाखला, शाळेचा दाखला, पालकांच्या जातीचा पुरावा. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा रहिवासाचा पुरावा लागतो. गाव सोडून नाक्यावर आलेल्या माणसाने हा कागद कोठून आणावा? आजोबांच्या शाळेच्या नोंदीसाठी मूळ गावी खेटे घालावे लागतात, आणि आजोबा शाळेतच गेलेले नसतात. महाविद्यालयात दरवर्षी प्रवेशाच्या वेळी मी हे पाहतो: गुण असतात, कागद नसतो, आणि शिष्यवृत्ती हुकते. हा शोध बारावीनंतर घेऊन भागत नाही. तो तिसरीतच सुरू झाला पाहिजे.

पाचवी, मालकी. वर्गाचा हिशेब, खडूपासून विजेच्या बिलापर्यंत, वस्तीतल्या आयाबापांच्या समितीसमोर महिन्याला वाचून दाखवावा. त्यातल्या कित्येकांना सही येत नसेल. म्हणूनच वाचून दाखवावा. बाहेरच्या पैशावर चालणारे वर्ग पैसा आटला की बंद पडतात. वस्तीने चालवलेला वर्ग अडखळतो, पण उठतो.

यावर आपल्याच चळवळीतून एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. शिक्षण देणे ही शासनाची जबाबदारी. आपण वर्ग चालवून शासनाला मोकळे का सोडायचे? आक्षेप रास्त आहे, निष्कर्ष रास्त नाही. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापुरात वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला. वसतिगृह चालवणारे आणि तळ्यावर जाणारे हात निराळे नव्हते. वस्तीत रोज बसणाऱ्यालाच कळते की शाळेत शिक्षक किती, वर्गात मुले किती, कोणाचे नाव कधी पटावरून गळाले. ती वही घेऊन पालक महानगरपालिकेच्या दारात उभे राहिले तर ते भीक मागत नाहीत, हिशेब मागतात. जो वर्ग अशी वही ठेवीत नाही त्याच्याबाबतीत मात्र वरचा आक्षेप खरा ठरेल.

दुसरी मर्यादाही सांगितली पाहिजे. नाक्यावरच्या बापाला काम नसेल, आईला वेळेवर पगार नसेल, तर संध्याकाळचा वर्ग एकटा काही करू शकणार नाही. मुलाचे शिक्षण आणि आईबापाची मजुरी हे एकाच लढ्याचे दोन भाग आहेत. तरीही मजुरीचा लढा जिंकेपर्यंत मुलाने थांबावे असे सांगता येत नाही. सात वर्षांचे मूल तीन वर्षांत दहा वर्षांचे होते, आणि तोपर्यंत त्याचे वाचन राहून गेलेले असते.

आपल्यातले जे पहिल्यांदा पदवीपर्यंत पोचले ते बहुतेक कोणाच्या तरी ओट्यावर, कोणाच्या तरी कंदिलाशी बसून पोचले. कोणी मास्तर, कोणी वसतिगृहाचा रेक्टर, कोणी शेजारचा मॅट्रिक झालेला पोरगा. त्या ऋणाची फेड सत्कार-समारंभांनी होत नाही. ओव्यात काय किंवा अन्य कोठे काय, ज्याला स्वतःला वाचता येते त्याने सहा वाजता एक दार उघडावे, दिवा लावावा आणि दुसऱ्या दिवशीही तेच करावे. चळवळीला आज अशा माणसांची गरज आहे.