मालिश कुठली आणि कुणासाठी?

"ताई, मसाज कुठला करून घेऊ?" बडोद्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. विचारणारी मंडळी बहुतेक पंचविशी-तिशीतली असतात. आजीच्या काळी फारसे पर्याय नव्हते. दिवाळीत घरी तेल-उटणं, बाळ-बाळंतिणीला मालिशवाली बाई आणि तालमीतल्या पोरांना एकमेकांचे हात. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या गावाला अंग रगडून घेणं काही नवं नाही. पण आता स्पाचं दरपत्रक हातात आलं की स्वीडिश, डीप टिश्यू, थाई अशी नावं दिसतात आणि गोंधळ उडतो.

अशा वेळी मी उलट विचारते, "तुम्हाला होतंय काय?" कारण मालिश नावावरून नाही, तक्रारीवरून निवडायची असते.

नुसता शीण आला असेल, झोप नीट लागत नसेल, तर हलकी मालिश पुरते. स्वीडिश प्रकारात तेल लावून लांब हात फिरवतात, स्नायू कणकेसारखे मळतात, हलक्या थापा मारतात. हेच सुख घरच्या अभ्यंगातही मिळतं. कोमट तिळाचं तेल, पंधरा-वीस मिनिटं आणि मग गरम पाण्यानं अंघोळ. त्यासाठी दिवाळीचीच वाट कशाला पाहायची?

दिवसभर लॅपटॉपपुढे बसून मान-खांदे आखडले असतील, तर डीप टिश्यूचा उपयोग होतो. यात ठरावीक जागी सावकाश, खोल दाब देतात. थोडं दुखेल, पण श्वास रोखून धरावा लागला तर दाब जास्त होतोय, लगेच सांगा. आराम मात्र थोडे दिवसच टिकतो. खुर्ची आणि स्क्रीनची उंची सुधारली नाही, मधूनमधून उठलात नाही, तर दुखणं परत येणारच.

आपल्याकडे नवरात्रात गरबा खेळून पाय भरून येतात. अशी ठणक साधारण एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त जाणवते. तेव्हा हलक्या हातानं पाय चोळले तर बरं वाटतं. "लॅक्टिक ॲसिड बाहेर निघतं" असं सांगतात, ते खरं नाही. ते व्यायामानंतर तासाभरात शरीर आपोआप निपटतं. पण घोटा मुरगळून सुजला असेल, तर पहिले दोन-तीन दिवस अजिबात चोळू नका. कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, पाय उंच ठेवा. पाय टेकवतच नसेल, तर हाड मोडलं नाही ना, हे तपासून घ्या.

थाई मालिशीत तेल नसतं. अंगावर सैल कपडे असतात, जमिनीवरच्या गादीवर झोपवून दाबतात, ताणतात. 2019 साली युनेस्कोनं या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. अंग लवचिक हवं असणाऱ्या निरोगी माणसाला ती आवडेल. मणक्याची गादी सरकलेल्यांनी किंवा हाडं ठिसूळ झालेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

आणि आपली चंपी! इंग्रजीतला 'शाम्पू' हा शब्द या 'चांपणं'च्याच कुळातला. चंपी खुशाल करून घ्या. पण सलूनमध्ये शेवटी मान कडकन मोडतात, त्याला स्पष्ट नाही म्हणा. त्या झटक्यानं मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन क्वचित पक्षाघातही होऊ शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. काही दुखण्यांवर मालिश करायचीच नसते. लांबच्या विमानप्रवासाहून आलेला एक तरुण माझ्याकडे आला होता. एकच पोटरी दुखत होती, सुजली होती, हाताला गरम लागत होती. घरचे म्हणत होते, "जरा जोरात रगडा, मोकळी होईल." मी हात न लावता त्याला तडक डॉक्टरांकडे पाठवलं. सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. अशी गुठळी चोळण्यानं सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतू शकतं.

ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, नुकतंच मोडलेलं हाड, यांतही मालिश टाळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पाठदुखी पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तरीही तसंच. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेल्यांना तेल किती गरम आहे ते कळत नाही. त्यांच्यासाठी ते आपण हातावर पाहावं. बाळाचं अंग हलक्या हातानं चोळावं. नाका-कानात तेल घालू नये.

मालिश करणाऱ्याला त्यानं कुठे शिक्षण घेतलं ते विचारा, आपले आजार आणि औषधं सांगा. नको वाटलं तर मध्येच थांबवा, त्यात संकोच नको.

आपल्या घरांत "चोळून काढ, बरं वाटेल" हे वडीलधाऱ्यांचं ठरलेलं औषध असतं. बऱ्याचदा ते लागूही पडतं. पण दुखणं नेहमीचं वाटलं नाही, तर एवढंच म्हणा, "आजी, तेल गरम करते, पण आधी डॉक्टरांना दाखवून येऊ."